सहस्रचंद्रदर्शनाची साडी आणि सातबारा

माळरान, औसा (चर्चाप्रस्ताव)

गेल्या काही वर्षांत लातूर-धाराशिवकडच्या गावांमध्ये ऐंशी ओलांडलेल्या आजींचे सहस्रचंद्रदर्शन सोहळे वाढले आहेत. लेकी-जावई जमतात, दिव्यांनी ओवाळले जाते, साडीचोळी दिली जाते, पंगत उठते आणि गावातला एखादा पुढारी माउलीच्या कष्टांवर भाषण करतो. सोहळ्याला माझा विरोध नाही. आक्षेप एवढाच आहे की, साठ-पासष्ट वर्षे शेती केलेल्या बाईचा आपण ‘घर सांभाळले’ म्हणून सत्कार करतो, आणि ज्या जमिनीत ती राबली तिच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नवरा गेल्यानंतर, वारस म्हणून, मुलांच्या रांगेत लागते. पुष्कळदा ‘पुढची वाटणी सोपी व्हावी’ म्हणून तिथूनही तिचा अंगठा घेऊन ते काढले जाते. माझे म्हणणे असे आहे की, नवरा हयात असतानाच निम्मी जमीन तिच्या नावे झाली पाहिजे.

आज पंचाऐंशी-नव्वदीत असलेली मराठवाड्यातली शेतकरी बाई निजामाच्या राज्यात जन्मली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ती परकरी पोर होती, आणि पाठोपाठच्या काही वर्षांत तिचे लग्न झाले. १९५४-५५ ची खासरा पाहणी (कोणती जमीन कोणाकडे आहे याची नोंद), जिचा आधार महसूल खाते आजही घेते, तिच्यात सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव सापडते, तिचे सापडत नाही. मतदारयादी सोडली तर अशा अनेक जणींचे नाव सरकारी कागदावर प्रथम लागले ते १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या कामावरच्या हजेरीपटात. स्वतःच्या रानात वीस वर्षे केलेल्या कामाची नोंद कुठेच नव्हती, ती दुष्काळी कामावर आठवड्यात झाली.

आणि ते रानातले काम थोडके नव्हते. तिफण पुरुष हाकत असला तरी आंतरपिकाचा मोघा (बी सोडायची नळी) धरायला तीच असे. त्यानंतरची खुरपणी, तुरीची काढणी, कापसाची वेचणी, ज्वारीची कणसे खुडणे आणि खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत उपणणे यांत तिचा वाटा निम्म्याहून अधिक असे. मळणीच्या आधी बियाण्याची कणसे बाजूला काढणे, ते बी राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात लिंपून ठेवणे, हे तर संपूर्णपणे तिचेच खाते होते. पुढच्या वर्षीची पेरणी ज्याच्यावर अवलंबून होती, ते बी निवडणारी व्यक्ती शेतकरी नव्हती असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या शंभर वहितीदारांमागे (जमीन कसणाऱ्या खातेदारांमागे) स्त्रिया जेमतेम चौदा होत्या. आता संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवले असल्यामुळे सत्कार आणखी वाढतील, म्हणून हा विषय मांडतो आहे.

गोदाकाठ, गंगाखेड

प्रस्तावातली तळमळ मान्य करूनही मला तो पटत नाही, कारण एका दीर्घ आयुष्याचे मोजमाप तलाठ्याच्या दप्तराने करणे हे मला तिच्यावर अन्यायाचे वाटते. आपल्याकडच्या घरात वयाच्या चाळिशीनंतर बाईची सत्ता कशी असे हे लेखकाने पाहिलेच असेल. कणगीला हात लावायचा तर तिला विचारावे लागे. दूध-तूप विकून आलेला पैसा तिच्या कनवटीला असे, पोरीला कुठल्या गावी द्यायचे हे तिच्या होकाराशिवाय ठरत नसे, आणि सालगड्याला पायलीभर ज्वारी उसनी द्यायची की नाही हेही तीच ठरवी. पाटीत धान्य घालून ती बांगड्या घेई, भाजी घेई, लेकीच्या हातात गुपचूप दोन रुपये ठेवी. यांपैकी कशासाठीही तिला फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या दप्तरात नाव बदलण्याची, गरज पडली नाही.

दुसरे असे की, कागदावर नाव आले म्हणजे हक्क आला हे गृहीतच कच्चे आहे. कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा जमीन वाचवण्यासाठी कितीतरी बड्या घरांनी बायकांच्या आणि नातलगांच्या नावे कागद केले. त्या बायकांना आपल्या नावावर कोणता गट आहे हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. शिवाय राज्यातली सरासरी वहिती सव्वा-दीड हेक्टरच्या दरम्यान आली आहे. तिच्यातली निम्मी म्हाताऱ्या आईच्या नावे असली, तर तीन मुलगे तिला तीन दिशांनी ओढतील, आणि आज जिला निदान सुखाने भाकरी मिळते तिच्या उशाशी कागद घेऊन माणसे बसू लागतील. म्हातारपणी तिला सेवा हवी असते, खटला नको असतो.

जुना फेरफार, कळंब

महसूल खात्यात नोकरी केलेली असल्यामुळे कायद्यापुरते सांगतो, कारण वरच्या दोन्ही मतांत तो सुटला आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. बायकोला मात्र, बायको म्हणून, नवऱ्याच्या हयातीत वाटणी मागता येत नाही. बाप-लेकांनी वाटणी केली तर तिला हिस्सा मिळतो आणि नवरा वारला तर ती पहिल्या वर्गातली वारस ठरते. म्हणजे मुलीचा हक्क जन्मापासून आहे आणि ज्या बाईने सगळे आयुष्य त्याच रानात काढले तिचा हक्क दुसऱ्या कोणाच्या मृत्यूवर किंवा मर्जीवर टांगलेला आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली ती याच दुखण्यावर होती, आणि १९९२ मध्ये शासनानेही त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला की पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. योजना आजही आहे, अडतो तो अर्ज करणारा नवरा.

‘सेवा हवी, खटला नको’ या वाक्याबद्दल एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा असे म्हणतो की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द करू शकते. पण त्या कलमाचा उपयोग होण्यासाठी आईकडे मुळात देण्यासारखे काहीतरी असावे लागते. जिच्या नावावर गुंठाही नाही, तिला दरमहा पोटगीचा अर्ज तेवढा करता येतो, आणि पोटच्या मुलाविरुद्ध तो करणारी आई मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिली. प्रस्तावातल्या ‘निम्म्या’ हिश्श्यावर मात्र मी अडून बसणार नाही. सहहिस्सेदार म्हणून नाव लागले तरी तिच्या सहीशिवाय ती जमीन सरळपणे विकता येत नाही, आणि एवढेही पुष्कळ आहे.

बालाघाट, पाटोदा

तिघांच्याही लेखनात जमीन असलेले घर गृहीत धरले आहे. आमच्या डोंगरपट्ट्यात दोन-तीन एकर माळ असलेला शेतकरीही दिवाळीच्या सुमारास बायकोसह ऊसतोडीला जातो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हाती पडते. पहाटे ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, खोपटात येऊन स्वयंपाक करायचा, आणि पाऊस पडला की परत येऊन आपल्या माळावर खुरपे धरायचे, असे ज्या बाईचे आयुष्य गेले तिला सातबाऱ्याने काय मिळणार आहे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दीर्घायुष्याचे कौतुक करताना ते कोणत्या शरीरात काढले गेले, हे कोणी बोलत नाही. गुडघे, कंबर, मोतीबिंदू आणि पन्नाशीच्या आत आलेले म्हातारपण हाच तिचा वारसा असतो.

योजनांचे वय पाहा. ‘लाडकी बहीण’ पासष्टला थांबते. शेतकरी अपघाताच्या सानुग्रह अनुदानात, जिथे खातेदार नसलेली बायकोही धरली जाते, मर्यादा पंचाहत्तरची आहे, जणू त्यानंतर विळा हाती घेतलाच जात नाही. ‘श्रावणबाळ’चे दीड हजार मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवावे लागते. त्यातही कापूस वेचून आणि खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्यामुळे रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र तिला ओळखतच नाही. (पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे हे खरे, पण बसच्या पायऱ्या चढवायला माणूस लागतो.) माझी मागणी उत्पन्नाची अट नसलेल्या पेन्शनची आहे. जमिनीचे तुम्ही नंतर बघा.

माळरान, औसा

पेन्शनची मागणी मला मान्य आहे, पण एका मागणीने दुसरी रद्द होत नाही. दोन एकर माळाचाही सातबारा असतोच, आणि पीकविमा, अनुदान, पीककर्ज हे सगळे त्या कागदामागे चालते.

गोदाकाठ यांनी कणगीवरच्या सत्तेचे जे वर्णन केले आहे ते खरे होते, पण ती कणगी आता कुठे आहे? आमच्याकडे सोयाबीन आले आणि ज्वारी, मूग, करडई मागे हटली. सोयाबीन गुत्त्याने (ठेक्याने) कापले जाते, मळणीयंत्रातून थेट पोत्यात भरते आणि तिथून लातूरच्या अडतीवर जाते. पट्टी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यावर जमा होते. घरात धान्य आले नाही म्हणजे पाटीतल्या ज्वारीवर भाजी घेण्याची सोय गेली, आणि बियाणे कृषी केंद्रातून पिशवीत येऊ लागल्यावर तिचे बी निवडण्याचे ज्ञानही कोणाला लागेनासे झाले. जी सत्ता धान्यावर उभी होती ती धान्याबरोबरच गेली, आणि पैशाच्या शेतीत तिची जागा घेईल असे काहीही तिला दिले गेले नाही. सिलिंगच्या, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्याच्या, काळातले कागद बायकांपासून लपवून केले गेले होते; त्यावरून उघडपणे, तिला सांगून करायचे कागदही निरर्थक ठरतात हे अनुमान मला मान्य नाही.

गोदाकाठ, गंगाखेड

सोयाबीनचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याचा प्रतिवाद माझ्याजवळ नाही. तरीही निम्म्या जमिनीला माझा विरोध कायम आहे. सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्यापर्यंत मी येऊ शकतो. मात्र प्रस्तावकर्त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. आज वारसनोंद झाली की भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. आई खातेदार झाली, तर तिच्यामागे तिच्या हिश्श्यासाठीही तेच होईल, आणि आजही मुलींना सही करा असे सांगणारी, आपल्या अनुभवात, बहुधा आईच असते. मग मुलींच्या हाती काय येणार?

जुना फेरफार, कळंब

तसे होते, हे मीही पाहिले आहे. पण हयात खातेदार आईला मृत्युपत्र करता येते, आणि त्यात मुलीचे नाव घालायचे की नाही हे तिला कोणालाही न विचारता ठरवता येते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरी नोंदणी केलेली बरी, कारण पुढे हरकत आली की मंडळ अधिकाऱ्यासमोर तीच कामाला येते.