पटेलांचे ७ नोव्हेंबरचे पत्र: दोन परिच्छेद वाचून निकाल देणाऱ्यांसाठी

फोंडेकर:
सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी चीनच्या तिबेटमधील शिरकावाविषयी नेहरूंना लिहिलेल्या पत्राचे दोन परिच्छेद आणि खाली ‘हे ऐकले असते तर १९६२ घडलेच नसते’ असे एक वाक्य, एवढा मजकूर कालपासून मला चौघांनी पाठवला आहे. पत्र थोरच आहे. संताप येतो तो त्या खालच्या वाक्याचा. तिबेटमध्ये सैन्य धाडावे, असे पत्रात कोठेही म्हटलेले नाही. शतकांनंतर प्रथमच देशाला एकाच वेळी दोन आघाड्यांवरील संरक्षणाचा विचार करावा लागेल, असे बजावून पटेल कामांची जंत्रीच मांडतात: सीमेपर्यंतचे रस्ते, बिनतारी यंत्रणा, चौक्यांवरील पोलीस, ल्हासातील आपले कार्यालय, ग्यान्त्से व यातुंग येथील व्यापारी ठाणी, ईशान्येकडील सीमा ठरवणाऱ्या मॅकमहोन रेषेविषयीचे धोरण. त्यांतील काही झालेही. सीमेच्या संरक्षणाचा विचार करण्यासाठी हिम्मतसिंहजी समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग भारताचा अंमल बसवण्यासाठी सीमेवरील तवांगला पोहोचले. जे रेंगाळले त्याचा हिशेब जरूर मागावा, पण पत्र केराच्या टोपलीत गेले असे म्हणू नये.

डिचोलीचे मास्तर:
फोंडेकरबाब, आपण नेहरूंचे १८ नोव्हेंबरचे टिपण सोयीस्करपणे विसरलात. पत्रानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्यांनी लिहून ठेवले की, चीनचे खरेखुरे लष्करी आक्रमण नजीकच्या भविष्यात अत्यंत असंभवनीय असून आपला मुख्य संभाव्य शत्रू पाकिस्तान आहे. समिती नेमणे म्हणजे ऐकणे असेल, तर आपल्या पणजीत आजवर आलेले प्रत्येक सरकार आदर्श श्रोता ठरेल. आणि ही चालढकल गोमंतकीयांना कोणी शिकवायला नको; १९४७ ते १९६१ अशी चौदा वर्षे पोर्तुगीज अमलाखाली राहून आम्ही तिचीच फळे भोगली.

पेडण्याची लेक:
गोव्याचा विषय निघालाच आहे, तर सांगते. माझ्या आजीचे माहेर बांद्याला आणि सासर पेडण्यात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारत सरकारने सीमा आवळली. पायी जाण्याच्या अंतरावर तिचे वडील वारले, तरी तिला त्यांचे मुख पाहता आले नाही. नाकेबंदीने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाकला नाही. हॉलंडहून बटाटे आणि पाकिस्तानातून तांदूळ आणून त्याने बाजार भरला. आजी अखेरपर्यंत त्या बटाट्यांना ‘सरकारी बटाटे’ म्हणत असे, आणि त्यात कोणते सरकार अभिप्रेत होते, हे तिने कधीच स्पष्ट केले नाही.

फोंडेकर:
ताई, आजींचे दुःख मी नाकारीत नाही. परंतु पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटाचा सदस्य होता, ही गोष्ट दिल्लीला दुर्लक्षिता येण्याजोगी नव्हती. मास्तर, चीनच्या पत्रावरून आपण आम्हाला गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावर आणून सोडलेत!

डिचोलीचे मास्तर:
नाटो काय १९६१ च्या डिसेंबरात बरखास्त झाली होती? तेव्हा दीड दिवसात जे जमले, त्यासाठी आमच्या एका पिढीने तुरुंगात का कुजावे? माझे काका आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांना आंतरराष्ट्रीय परिस्थिती समजावून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली नाही, हे आपले भाग्य.

फोंडेकर:
काकांपुढे मी हात जोडतो, आपल्या तर्कापुढे नाही. सैन्य पाठवायला उशीर झाला, ही गोव्याची तक्रार आहे, तर पटेलांच्या पत्रातील मागणी रस्ते आणि चौक्यांची होती. ते पत्रही कोणा द्रष्ट्याला एका रात्रीत सुचलेले नव्हते. परराष्ट्र खात्याचे सरचिटणीस गिरिजाशंकर बाजपेयी यांचे टिपण त्यांच्यापुढे होते. म्हणजे नेहरूंच्याच खात्यातील माणूस तीच काळजी वाहत होता. पटेल १५ डिसेंबरला गेले, आणि पाठपुरावा करणारा त्यांच्या वजनाचा माणूस मंत्रिमंडळात उरला नाही. दोष द्यायचा तर या पोकळीला द्या.

पेडण्याची लेक:
पोकळी कोणी भरायची होती, हेही लिहा की.

फोंडेकर:
पंतप्रधानांनी. लिहिले, समाधान झाले?

डिचोलीचे मास्तर:
अर्धे. खाथिंग यांचे नाव मला ठाऊक नव्हते, एवढे कबूल करतो. बाकी एकही शब्द मागे घेत नाही. यापुढे कोणी ते दोन परिच्छेद पाठवले, तर मी संपूर्ण पत्र पाठवीन, आणि सोबत १८ नोव्हेंबरचे टिपणही जोडीन.