प्रति: ट्रोजन काढला तरी परत येतो

'अँटिव्हायरसने ट्रोजनची (कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरची) फाइल उडवली की विषय संपला' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. फाइल जाते, पण तिला पुन्हा आणणारी नोंद बऱ्याचदा तशीच राहते. ट्रोजन एकदा चालला की विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या (सेटिंग्जच्या साठ्यातल्या) 'रन' कीमध्ये, म्हणजे लॉगिन होताच काय चालवायचं त्या यादीत, किंवा टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या टूलमध्ये) आपली सोय लावून ठेवतो. टास्कचं नाव अगदी साळसूद, कुठल्यातरी अपडेटरसारखं. 'ॲक्शन्स' टॅब उघडला की मात्र बिंग फुटतं: ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधली एखादी स्क्रिप्ट, नाहीतर पॉवरशेलची (विंडोजमधल्या कमांड चालवायच्या टूलची) लांबलचक, न वाचता येणारी कमांड. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे मोफत टूल अशा सगळ्या जागा एकत्र दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी बरीच आटोपशीर होते (पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, त्यातल्या बहुतेक नोंदी निरुपद्रवी असतात). संशयित नोंद लगेच डिलीट करू नका, आधी टिक काढून बंद करा. मग डिफेंडरचा (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे ट्रोजनला लपायला वाव कमी मिळतो.

पासवर्ड बदलायचा वर दिलेला सल्ला रास्तच आहे, फक्त ट्रोजन शिरलेल्या त्याच मशीनवरून नको. शिवाय काही ट्रोजन ब्राउझरमधल्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात, म्हणजे चालू लॉगिनच चोराच्या हाती लागतं आणि ओटीपी विचारलाच जात नाही. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.