मदत हवी आहे: ‘द फायनल्स’ या टीमने खेळायच्या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये पायाखालची फरशीच उडवतात!

नाशकातल्या सिडकोतली आम्ही तीन पोरं रोज रात्री जेवणं उरकली की खेळायला बसतो. गेम २०२३ च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हापासून फुकट आहे, त्यामुळे घरी फक्त वीजबिलावरून बोलणी. मोनॅको या नकाशात वरच्या मजल्यावर कॅशआउट, म्हणजे पैसे जमा होईपर्यंत राखायची पेटी, लावतो, दारं-जिने अडवतो. तर समोरचे खालून छत फोडतात. पेटी धाडकन त्यांच्याच पुढ्यात! काल सातच सेकंद उरले होते हो. गेममध्ये खेळाडू तीन प्रकारचे: दणकट हेवी, चपळ लाइट आणि सोबत्यांना बरं करू शकणारा मीडियम. मी हेवी, बाकी दोघं लाइट; मीडियम व्हायला कोणी तयार नाही. भोकं बुजवायला गू ग्रेनेडही (फुटला की घट्ट फेस पसरतो) फेकून पाहिला (नाव ऐकून आजी उठूनच गेली), पण तो फेसही फोडतात. मग पेटी आधीच तळमजल्यावर लावावी का? आणि मीडियमशिवाय निभावतं का? नाशकातला कोणी मीडियम खेळत असेल तर दहानंतर या, चहा आमच्याकडून.