गृहअर्थशास्त्र म्हणजे नुसत्या पोळ्या?
"सायन्सवाले शिकत होते, गृहअर्थशास्त्राच्या मुली पोळ्या लाटत होत्या" हे जुन्या कॉलेजांबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाक्य काही पटलं नाही. माझी आत्या साठच्या दशकात भंडाऱ्याकडच्या एका कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकत होती. सायन्सवाल्यांच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात (वायू तयार करायचं काचेचं भांडं) बनणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास थेट या मुलींच्या स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकात यायचा. नाकाला पदर लावून फोडणी!

पण त्या विषयाचं मोल मला कळलं ते लाखोळीच्या (खेसारीच्या) डाळीवरून. धान उभा असतानाच ओल्या बांधीत (धानाच्या खाचरात) लाखोळीचं बी फेकायचं, ना नांगर ना पाणी, त्यामुळे गरिबाचं वरण तेच. महिनोन्‌महिने मुख्य जेवण तेच झालं की पाय लुळे पडत. १९६१ साली विक्रीवर बंदी आली, तिच्यातलं विषारी द्रव्य १९६४ साली ओळखलं गेलं. तरी घरची लाखोळी लोक खातच होते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बरंचसं विष निघून जातं, हे आमच्या घरात आत्यानं आणलं. आजी मात्र पाणी फेकू देईना. म्हणे, "सारं सत्त्व त्याच्यातच जाते ना व बाई!"