ठोकळ्याने मोजणी

हजारो पक्ष्यांच्या थव्यात मोजणीचा आकडा अंदाजपंचेच असणार, असं पुष्कळांना वाटतं. थोडं खरं आहे, पण अगदीच तसं नाही. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला (आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे) मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो. तिथे आधी दहा वारकरी (हा एक काळा पाणपक्षी) नीट मोजायचे, तेवढा ठोकळा डोळ्यात धरायचा नि तो थव्यावरून सरकवत न्यायचा. थवा फारच मोठा असेल तर शंभराचा ठोकळा. दोघं वेगवेगळे मोजतात, तिसरा लिहितो.

खरी पंचाईत भोवत्या (शिकारी पक्षी) आला की होते. सगळं तळं एकदम उठतं आणि बसतं ते मोजणाऱ्यांच्या दुसऱ्याच गटाच्या हद्दीत! आमचे चक्रवाक (बदकं) दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून उडाल्याची वेळ नि दिशा वहीत टाकली. तेवढ्यात चहा मात्र गार झाला.