घर शिरपूरला, शाळा चोपड्याला: नवोदय नववीचा फॉर्म कुठून भरायचा?

कापूसवाला_शिरपूर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव शिरपूर तालुक्यात, म्हणजे जिल्हा धुळे. मुलगी शिकते चोपड्याला, मामाकडे. अनेर नदी ओलांडली की जिल्हा जळगाव. जूनपासून आठवी, सेमी इंग्रजी. गणितात पक्की, हिंदीचा कंटाळा. नववीला नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा द्यायचीच म्हणते. फॉर्म कुठल्या जिल्ह्यातून भरायचा? क्लासवाला म्हणे, "कुठूनही भरा, मी बघतो." त्याची फी ऐकून मी चहा न घेताच उठलो. अर्धा कापूस अजून घरातच पडलाय भो.

गुरुजी_यावल:
दादा, "मी बघतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ज्या जिल्ह्याचं नवोदय हवं, आठवी त्याच जिल्ह्यात शिकलेली पाहिजे आणि रहिवासही तिथलाच पाहिजे. तुमचं एक इकडे, एक तिकडे. पेपर कितीही चांगला जाऊ द्या, कागद तपासताना गाडी अडणार. मामाचा पत्ता टाकायचं डोक्यात असेल तर काढून टाका. जूनलाच दाखला काढा आणि शिरपूरकडच्या शाळेत घाला.

आणि आशा बेताची ठेवा. सहावीला एका शाळेत 80 पोरं घेतात. नववीला मात्र मधल्या काळात रिकाम्या झालेल्या तेवढ्याच जागा. पेपर अडीच तासांचा, 100 प्रश्न, 100 मार्क: गणित 35, विज्ञान 35, इंग्रजी 15, हिंदी 15. सहावीचा पेपर मराठीत देता येतो, नववीचा नाही. इंग्रजी नाहीतर हिंदी. सेमीची आहे तर इंग्रजीच घ्या. हिंदीचे 15 काही चुकत नाहीत, कंटाळा असो नसो! आठवीची एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, त्यावर भागतं. ओएमआरवर, म्हणजे उत्तराचे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, पेनने भरलेला गोल खोडता येत नाही, म्हणून आमची पोरं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गोल काढून ते भरायचा सराव करतात. वेळ तिथेच जातो, गणितात नाही.

सातपुड्याची_आई:
भाऊ, आठवीतच एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा पण असते, तीही देऊ द्या. ती मराठीतून देता येते. सातवीला 55 टक्के हवेत, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, जि.प.ची नाहीतर अनुदानित हवी. शाळा बदलताय तर हे आधी विचारून घ्या, विनाअनुदानितला घातली तर हातची जाईल. लागली की वर्षाला 12,000 रुपये, बारावीपर्यंत. नवोदयला गेली तर मात्र ते पैसे मिळत नाहीत, तिथे राहणं-खाणं सरकारचंच. मुलींना तिथला महिन्याचा 600 चा विकास निधीही माफ आहे. आमच्या पोरीला एनएमएमएस लागली, नवोदय हुकलं. सासूबाईंनी पेढे वाटले, नात घरीच राहिली म्हणून!

कापूसवाला_शिरपूर:
गुरुजी, ताई, आभार. मेव्हण्याला फोन केला तर तो रुसून बसलाय, "भाचीला माझ्याकडे काय कमी पडलं?" त्याला हा नियम वाचून दाखवावा लागेल. इथल्या अनुदानित शाळेत सेमीची तुकडी आहे, सोमवारी जाऊन विचारतो. पोरगी म्हणते दोन्ही परीक्षा देते. क्लास बाद.