गुडघ्याला सेन्सर बांधला, पण बघणार कोण?

उनाडटप्पू: आईचा गुडघा बदलून पाच आठवडे झाले. फिजिओने मांडीला एक न पोटरीला एक असे काडेपेटीएवढे दोन सेन्सर बांधायला दिलेत, भाडं वेगळं. गुडघा किती वाकला ते मोबाइलवर डिग्रीत दिसतं, आई शाळेतले मार्क सांगावेत तसं सगळ्यांना सांगते, आज ८८, आज ९१. फॉलोअपला सर्जनना उत्साहाने ग्राफ दाखवायला गेलो तर त्यांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू" एवढंच म्हणाले न पुढचा पेशंट. डॉक्टर लोकांना नवीन काही शिकायचंच नसतं.

हाडांचा_निवासी: अहो बरोबर केलं त्यांनी. उठताना ताकद, तोल, दुखणं, भीती सगळं दिसतं, ग्राफमध्ये काय दिसतं? अमेरिकेत तर २०२१ साली एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) आतच सेन्सर असलेला गुडघा मंजूर केला, पर्सोना आयक्यू, नडगीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यात चिप न बॅटरी. पावलं, चालण्याचा वेग, सगळं मोजतो. आणि कंपनीच लिहून देते की हा डेटा उपचाराचे निर्णय घ्यायला नाही! मग ओपीडीत शंभर माणसं बाहेर बसलेली असताना मी तो का बघू?

फिजिओताई: सर, तुम्ही पाच सेकंद बघता. उरलेला महिना पेशंट घरी काय करतो? "हो ताई, रोज तीनदा करते" हे मी दिवसातून दहा वेळा ऐकते. एका काकांचे आठवड्याचे रेकॉर्ड उघडले तर टाच सरकवायचा व्यायाम एकूण सहा वेळा, तोही एकाच दिवशी, मी यायच्या आदल्या संध्याकाळी 😄 गुडघा एकदा आखडला की भूल देऊन वाकवायची वेळ येते, तेव्हा तुमच्याकडेच येतात. डिग्रीवर माझाही फार भरवसा नाही, त्याला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) आहे, पण व्यायाम केला की नाही हे कळतं ना.

जर्सीवाला: इथे अमेरिकेत २०२२ पासून अशा घरच्या डेटावर लक्ष ठेवायचे मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) क्लिनिकला पैसे देतं, मूळ अट ३० दिवसांत किमान १६ दिवसांचा डेटा हवा. त्यामुळे क्लिनिकवाले स्वतःहून फोन करतात, काका पट्टा बांधा. तिकडे डॉक्टरला फुकट बघायला सांगताय, कोण बघेल?

हाडांचा_निवासी: म्हणजे पट्टा गुडघ्यासाठी की बिलासाठी 🙄

फिजिओताई: @उनाडटप्पू पट्टा कशावर बांधता?

उनाडटप्पू: परकरावर. का?

फिजिओताई: अहो कापड सरकतं न त्याच्याबरोबर सेन्सरही फिरतो! कातडीवर बांधा, पाय पूर्ण सरळ करून झिरो सेट करा, मग मोजा.

उनाडटप्पू: केलं. ७२ आलं, तीनदा मोजलं. आई म्हणते मशीन बिघडलंय, परत करून टाक.

हाडांचा_निवासी: पाचव्या आठवड्यात ७२ खरं असेल तर कमी आहे. पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका, सर्जनना उद्याच फोन करा.

फिजिओताई: ग्राफ बघितलात म्हणजे सर 🙂

हाडांचा_निवासी: आधी गोनिओमीटर लावा.